तालीम, वस्ताद आणि एक नाकारलेला विद्यार्थी



‘तालीम’ हा शब्द आपल्या घरांत शिक्षण या अर्थाने रुजलेला आहे. तोच शब्द मराठी मुलखात कुस्तीच्या आखाड्यालाही लावतात आणि तेथे शिकविणाऱ्यास ‘वस्ताद’ म्हणतात; म्हणजे आपला ‘उस्ताद’च. तालीम पुस्तकाची असो वा लाल मातीची, शागिर्दाने उस्तादांचा अदब राखावा, ही शिकवण जुनी व योग्य आहे. परंतु शागिर्दाची पारख करण्यात उस्तादच चुकले तर? सिरोंचा वा भामरागडहून, राजुरा वा जिवतीकडून मुलगा कॉलेजात येतो, वसतिगृहात राहतो, पहाटे मैदानावर पळतो. आणि संघाच्या यादीत मात्र त्याचे नाव नसते. मग तो एक तर गप्प बसतो, नाही तर उलट बोलून मोकळा होतो. दोहोंत नुकसान त्याचेच. तिसरा मार्ग कोणता, हे इतिहासातील एका उदाहरणावरून पाहू.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात, कराडजवळील गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील स्वतः पैलवान. कराडच्या टिळक हायस्कुलात शिकून खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाले. अंगाने लहान, उंचीने ठेंगणे. कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यावयास ते गेले, तेव्हा क्रीडाशिक्षकांनी त्यांची अंगकाठी पाहूनच त्यांना परत पाठविले. खाशाबांनी वाद घातला नाही, पण खोलीवर जाऊन स्वस्थही बसले नाहीत. ते प्राचार्यांकडे गेले आणि एवढेच मागितले की, मला खेळू द्यावे. परवानगी मिळाली आणि नावाजलेल्या गड्यांना चीत करून त्यांनी उत्तर आखाड्यातच दिले.

अशी चूक मोठमोठ्यांच्या बाबतीतही झालेली आहे. १९१० साली लंडनला गेलेल्या गामा पहिलवानांनाही उंची कमी म्हणून स्पर्धेत घेतले नव्हते. त्यांनी तेथील मल्लांना खुले आव्हान दिले आणि अमेरिकेच्या रोलरला हरविले. पोलंडचा झबिस्को अडीच तासांहून अधिक वेळ चाललेल्या लढतीत बरोबरीवर सुटला. पण पुन्हा लढण्यासाठी ठरलेल्या दिवशी तो आलाच नाही.

खाशाबांनी १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने लंडनचे ऑलिंपिक गाठले. जन्म मातीत गेलेला हा मल्ल गादीवरच्या कुस्तीस नवखा होता. तेथे रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना गादीवरचे डावपेच शिकविले आणि ते सहाव्या क्रमांकावर आले. येथे एक भेद ध्यानात घ्यावा. कठोर शिक्षक आणि अन्याय करणारा शिक्षक हे एक नव्हेत. जुनी सवय मोडून नवी लावणारा, पहाटे उठविणारा, चुकीबद्दल झापणारा शिक्षक हा उपकारकर्ताच होय. मे २०१८ मध्ये आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले, ते कठोर सरावाच्या बळावरच. संधी न देताच निकाल देणे, हा मात्र अन्याय होय.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकपूर्वी खाशाबांवर पुन्हा तोच प्रसंग आला. मद्रासच्या निवड स्पर्धेत निरंजन दास यांच्याविरुद्ध ते एका गुणाने मागे राहिले. गुण मुद्दाम कमी दिले, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावण्यात आली आणि ती खाशाबांनी चटकन जिंकली. निवड झाली, पण प्रवासास पैसा नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी केली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी तर स्वतःचे राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. एका शिक्षकाने दार लावले, त्याच कॉलेजच्या दुसऱ्या शिक्षकाने घर गहाण टाकले! म्हणून एकाच्या वागण्यावरून साऱ्या गुरुजनांना बोल लावू नये.

हेलसिंकीत काय घडले, ते पालकांनी विशेष लक्ष देऊन वाचावे. जपानच्या इशीशी दीर्घ लढत देऊन खाशाबा थकले होते. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. तरीही सोव्हिएत संघाच्या ममेदबेकोवशी लढण्यास त्यांना लगेच बोलावण्यात आले. नियम दाखवून आक्षेप घेणारा एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. ती कुस्ती ते हरले आणि कांस्यपदक पदरी पडले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक! गावी बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे खाशाबांनी कुस्त्या मारून प्राचार्यांचे पैसेही फेडले. १९८४ साली रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले.

वाचकहो, या चरित्रात तीन वेळा दार बंद झाले. दोन वेळा ते उघडले, कारण त्यांनी योग्य जागी दाद मागितली आणि ऐकणारे कोणी तरी होते. तिसऱ्या वेळी त्यांच्या बाजूने बोलणारेच कोणी नव्हते.

विद्यार्थ्यांनी यावरून एवढे करावे: आधी शिक्षकांनाच नम्रपणे कारण विचारावे. सांगितलेली उणीव खरी असेल तर ती भरून काढावी. कारण मिळाले नाही, तर प्राचार्यांकडे लेखी अर्ज करून चाचणीची मागणी करावी. मेहरबानी मागू नये, चाचणी मागावी. आणि सराव एक दिवसही सोडू नये. २०११ साली गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाल्यापासून या दोन जिल्ह्यांच्या मुलांना विद्यापीठाचे दार पूर्वीइतके दूर राहिलेले नाही.

पालकांनी मुलास “सर सांगतात तेच खरे” एवढे म्हणून वाटेला लावू नये. आधी त्याचे पुरते ऐकून घ्यावे, मग शिक्षकांना भेटावे. मारहाण, जातधर्मावरून टोमणे किंवा मुलीशी गैरवर्तन असेल, तर तो अदबीचा प्रश्न उरत नाही. तेथे तत्काळ तक्रारच करावी. मुलींच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याने कॉलेजात अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. अशा प्रसंगी मुलीचा खेळ बंद करून तिला घरी बसविणे म्हणजे अपराध एकाचा आणि शिक्षा दुसरीला.

हेलसिंकीत त्या दिवशी खाशाबांच्या शेजारी कोणी उभे नव्हते. आपल्या मुलामुलींच्या शेजारी आपण उभे राहू या.