ओल्या वाकळेचा इतिहास

राजेरजवाड्यांच्या लढायांचा, तहांचा आणि वंशावळींचा इतिहास पुष्कळांनी लिहिला. पण सकाळी अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या वाकळेचा इतिहास लिहावा असे फारसे कोणाच्या मनात आले नाही. विषय ओशाळवाणा म्हणून तो उंबऱ्याबाहेर पडत नाही. लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळसारख्या गावी तर दोरीवरची वाकळ म्हणजे शेजारणीने न मागता वाचलेली चिठ्ठीच होय. मूल सहा-सात वर्षांचे झाले, शाळेत जाऊ लागले, आणि तरीही रात्री अंथरूण ओले करते, ही गोष्ट आई लपविते, बाप त्यावरून चिडतो, आणि आजी काळ्या तिळाचा गूळ घालून केलेला लाडू मुलाच्या हातावर ठेविते. या तिघांत आजीचा उपाय निदान निरुपद्रवी आहे, असे आमचे मत आहे.

हा त्रास किती जुना आहे हे पाहू गेल्यास आश्चर्य वाटते. इसवी सनापूर्वी सुमारे १५५० या काळातील, एबर्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मिसरी पपायरसात मुलांच्या या तक्रारीवर औषध सांगितले आहे. रोमन पंडित प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात मुलांच्या जेवणात उकडलेले उंदीर घालावेत असे लिहून ठेविले. १५४५ च्या सुमारास टॉमस फेअर या इंग्रज वैद्याने बालरोगांवर जे पुस्तक लिहिले, त्यात कोंबड्याच्या श्वासनलिकेची पूड सुचविली आहे. या उपायांस हसण्यापूर्वी वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दरवर्षी अशा मुलांपैकी शंभरातील सुमारे पंधरा आपोआप बरी होतात. तेव्हा उंदीर असो, कोंबडा असो, वा एखाद्या महाराजांचा अंगारा असो, प्रत्येकाच्या पदरी थोडेफार यश पडणारच. आणि यशस्वी झालेला उपाय तेवढा गावभर होतो.

आपल्याकडे शार्ङ्गधरसंहितेत बालरोगांच्या गणनेत ‘शय्यामूत्र’ असे नाव येते. आम्हांस या शब्दाचे एक वैशिष्ट्य वाटते ते असे की, त्यात दोषारोप नाही. आळस, हट्ट, वाईट वळण यांपैकी कशाचाही त्यात उल्लेख नाही. शय्या आहे आणि मूत्र आहे. ज्वर किंवा कास यांच्यासारखीच ही एक व्याधी, एवढेच तो शब्द सांगतो. पुढे युरोपात, विशेषतः एकोणिसाव्या शतकात, या साध्या दृष्टीचा विसर पडला. ट्रूसो या फ्रेंच वैद्याने बेलाडोना देण्याचा प्रघात पाडला, तो त्या मानाने सौम्यच. कारण त्याच काळी कमरेच्या खाली डाग देऊन फोड आणणे, मूत्रमार्ग बांधून ठेवणे, असले प्रकारही वैद्यकाच्या नावाने चालत.

शिक्षेची हकीगत ज्याने सर्वांत स्पष्ट लिहिली, तो लेखक योगायोगाने हिंदुस्थानात जन्मलेला होता. बिहारमधील मोतीहारी येथे १९०३ साली जन्मलेला एरिक ब्लेअर, म्हणजे पुढे प्रसिद्ध झालेला जॉर्ज ऑर्वेल, आठव्या वर्षी इंग्लंडातील एका निवासी शाळेत गेला आणि थोड्याच दिवसांत त्याचे अंथरूण ओले होऊ लागले. घरी ही सवय केव्हाच सुटली होती. रोज रात्री तो देवाची करुणा भाकी; सकाळी गादी ओलीच निघे; आणि त्यापायी त्याने छडीचा मार खाल्ला. त्याच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने या अनुभवाचे मर्म सांगितले आहे. जे आपण करीत नाही, जे आपल्या झोपेत आपल्यावर ओढवते, तेही पाप ठरू शकते असे त्या बालमनावर ठसले. मार खाल्ल्यावर काही दिवसांनी तो त्रास थांबला, हेही तो प्रामाणिकपणे नमूद करतो. छडीचे कैवारी या वाक्यावर उडी घालतील, हे आम्ही जाणून आहोत. पण घरापासून तुटलेले मूल नव्या जागी थोडेसे रुळले की त्रास आपोआप ओसरतो. आणि त्याचे श्रेय ज्याच्या हाती छडी असते तो घेतो.

या विषयातील खरा शोध जवळजवळ अपघाताने लागला. १९०४ साली फाउंडलर या ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञाने रुग्णालयातील मुलांच्या बिछान्याखाली विजेची घंटी बसविल्याची हकीगत प्रसिद्ध केली. चादर ओली होताच घंटी वाजावी आणि परिचारिकेने येऊन ती बदलावी, एवढाच त्याचा हेतू होता. काही दिवसांनी असे दिसले की, मुलेच वेळेवर जागी होऊ लागली आणि घंटीला वाजण्याचे कारण उरेना. १९३८ साली अमेरिकेत मौरर पतिपत्नींनी ही युक्ती तीस मुलांवर पद्धतशीर वापरून यशस्वी केली. आजही औषधावाचून करावयाच्या उपायांत घंटीचाच मान पहिला आहे. मात्र ती दोन-तीन महिने नेटाने लावावी लागते. आमच्याकडील एका खोलीत निजणाऱ्या कुटुंबात आरंभी तिने सारे घर उठते, एक ते मूल तेवढे उठत नाही! त्याला हलवून पूर्ण जागे करावे, चालवीत न्यावे. अर्धवट झोपेत उचलून नेल्याने तो काहीच शिकत नाही.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्धाच्या भीतीने इंग्लंडातील शहरांतून सुमारे पंधरा लक्ष मुले, माता व इतर माणसे खेड्यांत हलविण्यात आली. लगेच घरोघरच्या गाद्या ओल्या होऊ लागल्या आणि यजमानिणींनी शहरच्या आयांच्या नावाने बोटे मोडली. सरकारला धुण्याच्या खर्चाची आणि निराळ्या वसतिगृहांची सोय करावी लागली. घर तुटल्याचे दुःख मुले तोंडाने न सांगता अंथरुणात सांगत होती, हे उमजावयास काही काळ जावा लागला.

आमच्या जिल्ह्यावरही असा प्रसंग आला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक निजले असता पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसे निजल्या जागी दगडमातीखाली गेली. पुढे भारतीय जैन संघटनेने तेथील सुमारे १२०० मुलांस शिक्षणासाठी पुण्यास नेले. जी मुले झोपेतच अनाथ झाली, त्यांस झोप हीच भयाची जागा व्हावी यात नवल ते काय? एकदा सुटलेली सवय अशा आघातानंतर, आईवडिलांच्या वियोगात, किंबहुना घरी धाकटे भावंड आल्यावरही परत येते, ही गोष्ट बालरोगतज्ज्ञ पुष्कळ काळापासून सांगत आले आहेत.

आता आईच्या रागाविषयी. तो राग सरसकट निर्दय ठरविणे आम्हांस अन्यायाचे वाटते. एप्रिल २०१६ मध्ये लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर आले. ज्या मुलखात प्यावयाचे पाणी रुळावरून येते, तेथे रोज एक वाकळ धुवावयाची म्हणजे काय, हे नळाखाली बसणाऱ्यांनी सांगू नये. अशा घरी उपदेशापेक्षा वाकळेखाली अंथरलेल्या मेणकापडाचा उपयोग अधिक. वर एखादे जुने लुगडे चौपदरी घालावे. धुवावयाचे तेवढेच राहील. अंथरूण आवरावयास मुलाने हात लावावा, पण शिक्षा म्हणून नव्हे.

शास्त्राने गेल्या अर्धशतकात कारणे बरीच उलगडली. डेन्मार्कमधील संशोधकांनी १९८० नंतरच्या दशकात दाखविले की, रात्री मूत्र कमी करणारा शरीरातील रस काही मुलांत पुरेसा वाढत नाही. काहींचा मूत्राशय लवकर भरतो. आणि बहुतेकांची झोप त्याच्या सूचनेने मोडत नाही. शिवाय हे घराण्यात चालते. छडी उगारणाऱ्या बापाने आपल्या आईस एकदा विचारून पाहावे. पुष्कळदा उत्तर ऐकून हात खाली येतो. पाचव्या वर्षी शंभरात पंधरा-वीस मुलांना हा त्रास असतो. तेव्हा त्या वयापर्यंत औषधाची घाई नको. दिवसा पाणी पोटभर द्यावे, सायंकाळनंतर बेताचे, चहा टाळावा, निजण्यापूर्वी लघवीस पाठवावे, आणि बद्धकोष्ठ असल्यास ते आधी दूर करावे, कारण भरलेले आतडे मूत्राशयास दाबते. दिवसाही कपडे ओले होत असतील, लघवीस जळजळ असेल, किंवा सहा महिने कोरडे राहिलेले मूल एकाएकी पुन्हा भिजू लागून फार तहानेलेले व रोडावलेले दिसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. ते मधुमेहाचे चिन्ह असू शकते.

शिरूर अनंतपाळच्या आसपासची मुले शिक्षणासाठी लातूरच्या वसतिगृहांत जातात. शंभरात एखाद-दोघांचा त्रास त्या वयापर्यंत टिकतो, आणि मुलगा जाण्याचे का टाळतो हे घरी कोणास कळत नाही. अशा वेळी डेस्मोप्रेसिन हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते. ते परगावी जाण्यापूर्वी काही दिवस घरीच घेऊन पाहावे, आणि ज्या रात्री घ्यावयाचे त्या रात्री निजण्यापूर्वी तासभर व नंतर सकाळपर्यंत पाणी जवळजवळ पिऊ नये, हे पथ्य मुलास स्वतः पाठ असले पाहिजे.