उत्तर ध्रुवाखालचा गाळ

गावाकडे हल्ली गोठ्यामागे अझोलाचे वाफे दिसतात. प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात, पाण्यावर तरंगणारं इवलंसं नेचं. गुरांना खुराक. याच अझोलाचे भाऊबंद एके काळी उत्तर ध्रुवाच्या समुद्रात माजले होते हे वाचलं, तेव्हा मला आधी थापच वाटली.

२००४च्या ऑगस्टमध्ये तीन जहाजं ध्रुवापासून अडीचशे किलोमीटरवर पोचली. समुद्रात बुडालेल्या लोमोनोसोव्ह पर्वतरांगेवरचा गाळ काढायला. खाली किलोमीटरभराहून जास्त पाणी, वर सतत सरकणारा बर्फ. ड्रिलिंग करणारं 'विदार वायकिंग' जागचं हललं की पाईप मोडलाच! म्हणून रशियाचं अणुशक्तीवर चालणारं 'सोव्हिएत्स्की सोयूझ' पुढे राहून मोठमोठे हिमखंड फोडायचं, आणि स्वीडनचं 'ओडेन' त्यांचा चुरा करायचं. या खटाटोपातून समुद्रतळाखाली ४२८ मीटरपर्यंतचा गाळ वर आला. म्हणजे सुमारे ५.६ कोटी वर्षांची वही.

वहीत काय काय निघालं बघा. साडेपाच कोटी वर्षांपूर्वी तिथलं पाणी तेवीस अंशांच्या वर गेलेलं. ४.९ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत अझोलाच अझोला. गोड्या पाण्याची वनस्पती, म्हणजे समुद्राच्या वरच्या थराला गोडं पाणी साचलेलं असणार. त्याच्या थोडं वर एक खडा. भर समुद्रात खडा येणार कुठून? बर्फात अडकून आला आणि बर्फ वितळल्यावर बुडाला. म्हणजे साडेचार कोटी वर्षांपूर्वी तिथे बर्फ होता.

आणि मग पानंच गायब! ४.४ कोटी ते १.८ कोटी वर्षांपूर्वीचा काळ, म्हणजे २.६ कोटी वर्षं, गाळात सापडलीच नाहीत. (पुढे ऑस्मियमवरून वय काढणाऱ्यांनी ही फट फार लहान ठरवली. तो वाद वेगळाच.) हळहळ अशासाठी, की ऊबदार पृथ्वी थंड झाली ती याच काळात, अंटार्क्टिकावर मोठा बर्फ साचला तो ३.४ कोटी वर्षांपूर्वी.

बर्फाच्या पोटाशी राहणारे काही सूक्ष्म डायटम एक रसायन बनवतात, आयपी२५. २००७ मध्ये सायमन बेल्ट आणि सहकाऱ्यांनी ते ओळखलं. गाळात ते सापडलं की वर मोसमी बर्फ होता. पण सापडलं नाही तर? एक तर बर्फच नव्हता, किंवा इतका जाड होता की खाली उजेडच पोचला नाही. दोन अगदी उलट उत्तरं! म्हणून मोकळ्या पाण्यातल्या शेवाळाच्या खुणा सोबत वाचाव्या लागतात. तसं वाचून २०१६ मध्ये रुडिगर श्टाइन यांच्या गटाने याच पर्वतरांगेवरच्या गाळावरून सांगितलं, की साठ लाख ते एक कोटी वर्षांपूर्वी तिथे वसंतात बर्फ असे, पण उन्हाळ्यात पाणी मोकळं होई.

उपग्रहांची सलग नोंद आहे जेमतेम १९७९ पासूनची. तेव्हापासून तिथला उन्हाळी बर्फ आटत चाललाय. त्याआधीचं विचारायचं, तर थोड्या खलाशी-नोंदी सोडल्या तर हा चिखलच.