बंजारा भरतकाम

बंजारा भरतकाम किंवा लमाणी भरतकाम ही बंजारा समाजातील स्त्रियांची पारंपरिक हस्तकला आहे. जाड सुती कापडावर रंगीत दोऱ्यांचे दाट टाके आणि त्यांच्या जोडीला आरसे, कवड्या, नाणी, मणी व लोकरीचे गोंडे ही तिची ओळख होय. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा आणि आंध्र प्रदेश येथील तांड्यांवर ती आढळते. ही कला मुळात विक्रीसाठी नव्हती. मुलीचा लग्नाचा पोशाख आणि तिच्या संसाराला लागणारी कापडे यांच्यापुरतीच ती होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिच्याकडे रोजगाराचे साधन म्हणून पाहिले जाऊ लागले.

समाज आणि इतिहास

‘लमाण’ हा शब्द ‘लवण’, म्हणजे मीठ, यावरून आला असे सांगितले जाते. बंजारा समाजाची बोली गोरबोली असून महाराष्ट्रात हा समाज विमुक्त जातींत मोडतो. वंजारी हा महाराष्ट्रातील वेगळा समाज आहे. नावाच्या साम्यामुळे दोहोंची गल्लत वारंवार होते.

रेल्वे येण्यापूर्वी दख्खनमधील मालवाहतुकीचा मोठा भाग बैलांच्या पाठीवरून होई. लमाणांचे तांडे देशावरचे धान्य घाटाखाली आणत आणि कोकणातले मीठ घेऊन पुन्हा घाट चढत. बोरघाटात १८३० साली गाडीरस्ता खुला झाला. १८५६ साली रेल्वे घाटाच्या पायथ्याच्या पळसदरीवरून खोपोलीपर्यंत पोहोचली आणि १८६३ साली ती घाट चढून गेली. आज पळसदरी स्थानकातून एक फाटा खोपोलीला जातो व मुख्य मार्ग पुण्याकडे वळतो. बैलांच्या वाहतुकीचा अस्त कोठे झाला हे दाखवायचे तर याहून बोलके ठिकाण सापडणे कठीण.

व्यवसाय बुडाल्यानंतर अनेक तांडे स्थिरावले, अनेक मजुरीकडे वळले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढील सुधारणांनी अनेक प्रांतांतील बंजारा समूहांवर गुन्हेगारीचा शिक्का बसला. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. फिरत्या आयुष्यात भरतकाम टिकले, कारण त्याला माग लागत नाही आणि जागाही लागत नाही. सुई, दोरा व कापडाचा तुकडा बैलाच्या पाठीवरच्या गोणीत सहज मावत असे.

कापड आणि टाके

पारंपरिक कामात नक्षी आधी छापून घेत नाहीत. कापडाचे उभे-आडवे धागे मोजत चौकोन, त्रिकोण व पट्टे भरत जातात, म्हणून नक्षीचा बाज भौमितिक असतो. बळकटीसाठी कापडाचे दोन-तीन थर एकत्र शिवतात आणि आतल्या थराला बहुधा जुने कापड वापरतात. तांबडा आणि निळा हे प्रधान रंग, पिवळा व पांढरा उठावासाठी. आरशाच्या तुकड्याला भोक पाडत नाहीत. त्याच्यावर दोऱ्यांची चौकट ताणतात आणि तिच्यात काठोकाठ टाके गुंफून तो जागी धरतात. किलन, वेले, माकी, रेलो, कांस, तेरा डोरा अशी टाक्यांची नावे आहेत. ती तांड्यागणिक थोडीफार बदलतात आणि लेखनातही एकवाक्यता नाही.

घागऱ्याला फेटिया, चोळीला कांचळी आणि ओढणीला टुकरी म्हणतात. याशिवाय पिशव्या, बटवे, पाण्याच्या घागरीखाली डोक्यावर ठेवायची चुंबळ, बैलांच्या झुली यांवरही भरतकाम होई. श्रावणातला तीज हा अविवाहित मुलींचा सण आणि लग्नात नवरीने रडत गायचा ‘ढावलो’ या दोन्ही प्रसंगी हा पोशाख आजही दिसतो. एरवी बहुतेक स्त्रिया साडी नेसतात. आईने वा आजीने भरलेले कापड मुलीबरोबर सासरी जाई. त्यामुळे मुलीच्या हातात सुई लवकर येई, आणि ती मजुरीची नव्हे, स्वतःच्याच कामाची सुई असे.

उपजीविका आणि मुली

मराठवाडा व विदर्भातील अनेक बंजारा कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, म्हणजे कारखान्याच्या भाषेतला ‘कोयता’, साधारण दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुलगी बरोबर गेली तर शाळा सुटते आणि लहान भावंडे तिच्याच गळ्यात पडतात. मागे राहिली तर तिच्या सुरक्षिततेची काळजी आईबापांना असते, आणि या काळजीवर पुष्कळदा लग्नाचाच उपाय शोधला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी अठराव्या वर्षाआधी विवाह झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के, तर बीड जिल्ह्यात ४० टक्क्यांहून अधिक आढळले. हे आकडे सर्व समाजांचे आहेत, केवळ बंजारा समाजाचे नाहीत.

तांड्यावर बसून करता येणारे भरतकाम या चक्रातून एखादी वाट काढून देते. मात्र ती किती रुंद असेल हे दरावर ठरते. काम नगावर दिले जाते. समजा, एका पट्टीला चार दिवस लागले आणि तिचे चारशे रुपये मिळाले, तर रोज शंभर रुपयेच पडतात. शेतमजुरी त्याहून अधिक देते. दुकानातील किमतीशी या मजुरीचा संबंध भरणारीला क्वचितच कळतो. म्हणून बचत गट किंवा सहकारी संस्था यांच्यामार्फत कच्चा माल व विक्री हाती असणे निर्णायक ठरते. महाराष्ट्रात १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ बचत गटांची बांधणी करते. २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश आहे, भरतकामाचा नाही.

दुसरा प्रश्न वयाचा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सरसकट बंदी आहे. घरच्या व्यवसायात शाळेच्या वेळेबाहेर मदत करण्याची सवलत त्यात आहे, आणि घरी आणून दिलेले नगाचे काम याच फटीतून आत शिरू शकते. आईकडून टाका शिकणे आणि व्यापाऱ्याची मागणी पुरवण्यासाठी तोच टाका रात्री दिव्याखाली घालणे यांत फरक केलाच पाहिजे. बारीक टाक्यांनी डोळ्यांवर ताण येतो, हे काम करणाऱ्या कोणाही स्त्रीला विचारावे.

गोव्याच्या किनाऱ्यांवर लमाणी स्त्रिया अशा वस्तू विकताना दिसतात. त्यांतील बहुसंख्य कर्नाटकातून आलेल्या असून त्यांच्याबरोबर लहान मुलीही फिरत असत. गोव्याने २००३ साली स्वतंत्र बालक कायदा केला. या बाजारातील कित्येक पिशव्या व उशांचे अभ्रे नव्याने भरलेले नसतात. जुने फेटिये व कांचळ्या विकत घेऊन, कापून, त्यांचे तुकडे जोडलेले असतात. गरजेपोटी विकलेले आजीचे कापड असे एकदाच पैसे देते, आणि नातीला टाका शिकण्यासाठी समोर नमुना उरत नाही.

सोंडूर येथील प्रयत्न

संघटित कामाचे ठळक उदाहरण कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात सोंडूर येथे आहे. घोरपडे या मराठा घराण्याचे हे जुने संस्थान. तेथील संडूर कुशल कला केंद्रात तांड्यांवरील स्त्रिया जुने टाके वापरून आजच्या पोशाखाच्या वस्तू करतात. ‘संडूर लमाणी भरतकाम’ या नावाला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन त्या भागापुरते असते, त्यामुळे महाराष्ट्रातील तांड्यांना ते नाव वापरता येत नाही.

अखा भरतकामाशी साम्य

चीनमधील युन्नान, म्यानमार, लाओस आणि उत्तर थायलंडमधील डोंगरांत राहणाऱ्या अखा जमातीचे भरतकाम या कलेशी ताडून पाहण्याजोगे आहे. निळीत रंगवलेले घरचे सुती कापड, त्यावर रंगीत तुकड्यांची जोडणी व टाके, शिवाय रानगवताच्या कठीण बिया आणि शिरोभूषणावर चांदीची नाणी अशी त्याची घडण असते. थायलंडमधील डोंगरी जमातींतील अनेकांना दीर्घकाळ नागरिकत्वाचे कागद मिळाले नाहीत. शिक्षण व कायदेशीर रोजगार अवघड झाल्याने तेथील मुली शहरांतील देहव्यापाराकडे ओढल्या जाण्याचा धोका राहिला, आणि त्यावरचा एक उपाय म्हणून भरतकामाचे वर्ग व वाजवी दराची विक्री पुढे आली. तेथेही पोशाख आधी स्वतःसाठी होता, आणि पर्यटकांच्या बाजारात जुन्या अंगरख्यांचे तुकडे नव्या पिशव्यांवर शिवलेले आढळतात.