तळटीप : ‘किल्ल्याकडचा रस्ता’

लेखक ज्याला नुसता ‘किल्ल्याकडचा रस्ता’ म्हणतो, तो रत्नागिरी शहरातून मिरकरवाड्याच्या अंगाने रत्नदुर्गावर जाणारा रस्ता. आज गाडीने हे अंतर काही मिनिटांत सरते. पण वाचकाने इथे घाई करू नये. शहरातल्याच टिळक आळीत १८५६ साली लोकमान्यांचा जन्म झाला. भागोजीशेठ कीरांनी बांधलेले पतितपावन मंदिर १९३१चे. तिथे गाभाऱ्यात सर्व जातींना प्रवेश होता, हे आवर्जून नोंदवावेसे वाटते. पुढे मिरकरवाडा, किल्ल्याच्या पायथ्याचे मच्छीमार बंदर. कडेला जाळी पसरून तुटलेले फासे विणणारी माणसे, बर्फाच्या लाद्या, बांगड्याच्या टोपल्या आणि लिलावाचा गलका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा नौका झाकून शाकारलेल्या दिसतात आणि बंदर गप्प होते. मूळ मजकुरातले ‘ओस बंदर’ हे वर्णन म्हणूनच पावसाळ्यातले मानावे; वस्ती उठली, असा अर्थ काढणे चूक ठरेल. वर भगवतीचे देऊळ आणि दीपगृह. किल्ल्याला तिन्ही बाजूंनी समुद्र आहे.

— संपा.