मुक्त स्रोत विकसन-साधनांचा परवाना-बदल

डेटाबेस, कंपायलर, सर्व्हर-व्यवस्थापनाची साधने, गूढलेखनाच्या लायब्ररी यांसारखी सॉफ्टवेअरे आज्ञावलीकारांच्या रोजच्या वापरात असतात. अशा मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या पुढील आवृत्त्या आधीच्यापेक्षा वेगळ्या परवान्याखाली प्रसिद्ध करण्याच्या प्रक्रियेस परवाना-बदल असे म्हणतात. बदल अधिक मोकळ्या परवान्याकडे होऊ शकतो, तसाच निर्बंधांकडेही. पहिल्या प्रकारात पुण्याशी निगडित असलेल्या लोहित टंकांचे उदाहरण ठळक आहे. दुसऱ्या प्रकारातील मोंगोडीबी हा डेटाबेस सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांत शिकवला जातो. त्यामुळे लोणावळा आणि तळेगाव दाभाडे येथील विद्यार्थ्यांनाही तो परिचित आहे.

संकल्पना

मुक्त स्रोत सॉफ्टवेअर म्हणजे केवळ फुकट मिळणारे किंवा सोर्स कोड वाचता येणारे सॉफ्टवेअर नव्हे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेने मुक्त स्रोताची दहा कलमी व्याख्या केली आहे. वापराच्या क्षेत्रावरून कोणाशीही भेदभाव न करणे हे त्यांतील एक महत्त्वाचे कलम आहे. 'शिक्षणासाठी चालेल, व्यवसायासाठी नाही' किंवा 'सर्वांना चालेल, स्पर्धकांना नाही' अशी अट घातली, की सोर्स कोड जगजाहीर असूनही ते सॉफ्टवेअर या व्याख्येत बसत नाही. अशा सॉफ्टवेअरला 'सोर्स अव्हेलेबल' म्हणतात. परवाना-बदलाविषयीचे बहुतेक वाद या सीमारेषेवर होतात.

परवाना बदलला तरी आधी प्रसिद्ध झालेल्या आवृत्त्यांवरील हक्क सहसा संपुष्टात येत नाहीत. जीपीएल आणि एजीपीएल यांच्या तिसऱ्या आवृत्त्यांत तर, अटी पाळल्या जात असतील तोवर परवानगी मागे घेता येणार नाही, असे स्पष्ट नमूद आहे. परंतु हा दिलासा अपुरा असतो. डेटाबेस किंवा सर्व्हरच्या साधनात सुरक्षेच्या त्रुटी सतत सापडतात आणि त्यांच्या दुरुस्त्या नव्या परवान्याखालील आवृत्त्यांतच येतात. जुनी आवृत्ती कायद्याने मोकळी राहते, पण तिची देखभाल करणारे कोणी उरत नाही.

बदलाचा अधिकार

परवाना बदलण्याचा अधिकार प्रताधिकारधारकाचा असतो. भारतातील प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार संगणक-आज्ञावली ही साहित्यिक कृती मानली जाते. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या आज्ञावलीचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, नियोक्ता असतो (कलम १७). फावल्या वेळात, स्वतःच्या इच्छेने एखाद्या प्रकल्पाला दिलेला कोड मात्र लिहिणाऱ्याचाच राहतो. शेकडो स्वयंसेवकांनी मिळून घडवलेल्या प्रकल्पाचे म्हणूनच शेकडो मालक असतात. परवाना बदलायचा, तर त्या सर्वांची संमती घ्यावी लागते किंवा संमती न मिळालेला भाग काढून नव्याने लिहावा लागतो.

लिनक्स कर्नलच्या बाबतीत हे जवळपास अशक्य आहे. तेथे योगदानकर्ते आपला प्रताधिकार कोणाकडे सोपवत नाहीत. हा कोड देण्याचा आपल्याला अधिकार आहे, एवढेच प्रमाणित करणारी स्वाक्षरी ते करतात. ही पद्धत २००४ पासून चालू आहे. एका कंपनीच्या मालकीच्या अनेक प्रकल्पांत मात्र योगदान स्वीकारण्यापूर्वी 'योगदानकर्ता परवाना करार' करून घेतला जातो. त्याद्वारे कंपनीला तो कोड हव्या त्या परवान्याखाली वितरित करण्याची मुभा मिळते. एखादे साधन उद्याही मुक्त राहील का, याचा अंदाज त्याच्या आजच्या परवान्यापेक्षा या करारावरून अधिक बांधता येतो.

अशा करारांत 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे शब्द आवर्जून आढळतात. भारतीय योगदानकर्त्यांच्या बाबतीत त्यांना विशेष अर्थ आहे. प्रताधिकाराच्या हस्तांतरणात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश नमूद नसेल तर ते भारतापुरते मानले जाते, असे कलम १९ सांगते. कलम ३०अ अन्वये हीच तरतूद योग्य त्या फेरफारांसह परवान्यांनाही लागू होते.

संमतीविना बदलाची एक वाट परवान्यातच ठेवलेली असू शकते. 'ही किंवा यापुढील कोणतीही आवृत्ती' अशा शब्दांत परवाना दिलेला असेल, तर परवान्याची नवी आवृत्ती काढून अटी बदलता येतात. मराठी विकिपीडियासह सर्व विकिपीडियांचा मजकूर जून २००९ मध्ये जीएफडीएल या परवान्यावरून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याकडे नेण्यात आला, तो याच तरतुदीच्या आधारे. जीएफडीएलच्या नोव्हेंबर २००८ मधील १.३ या आवृत्तीत त्यासाठी मुदतीची खास सवलत घालण्यात आली होती.

मोकळ्या परवान्याकडे झालेले बदल

मोझिला प्रकल्पाने २००१ पासून जुन्या योगदानकर्त्यांना शोधून त्यांच्या संमतीने आपला कोड एमपीएल, जीपीएल आणि एलजीपीएल अशा तिहेरी परवान्याखाली आणला. या कामाला काही वर्षे लागली. संकेतस्थळांची सुरक्षित देवाणघेवाण ज्यावर अवलंबून असते त्या ओपनएसएसएल या लायब्ररीने मार्च २०१७ मध्ये योगदानकर्त्यांना ईमेल पाठवले. उत्तर न आल्यास हरकत नाही असे समजले जाईल, अशी भूमिका त्यांत होती. मौन म्हणजे संमती हे प्रताधिकाराच्या बाबतीत कसे चालेल, असा आक्षेप त्यावर घेतला गेला. अखेर सप्टेंबर २०२१ मधील ३.० ही आवृत्ती अपाचे २.० परवान्याखाली आली. एलएलव्हीएम या कंपायलर-प्रकल्पाने जानेवारी २०१९ पासून, काही अपवाद जोडलेला अपाचे २.० परवाना स्वीकारला.

लोहित टंक

लोहित हा भारतीय लिप्यांसाठीचा टंकसमूह रेड हॅट या कंपनीने प्रसिद्ध केला. टंकांचा मूळ पुरवठा पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीने केला होता. मराठी छपाईच्या आणि कार्यालयीन कामाच्या जगात ही कंपनी 'श्री-लिपी' या व्यावसायिक सॉफ्टवेअरसाठी ओळखली जाते. टंक हे काटेकोरपणे विकसन-साधन नव्हे. तथापि देवनागरीत चालणारे संकेतस्थळ किंवा उपयोजन घडवणाऱ्याला मुक्त टंकाशिवाय पाऊल टाकता येत नाही, त्यामुळे हे उदाहरण येथे अप्रस्तुत ठरत नाही.

लोहित प्रथम जीपीएल परवान्याखाली होता. हा परवाना आज्ञावलींसाठी रचलेला असल्याने टंकांना लावताना अडचण येते. पीडीएफ दस्तऐवजात टंकाचा भाग अंतर्भूत केला जातो. मग तो संपूर्ण दस्तऐवजच जीपीएलच्या कक्षेत येतो का, असा प्रश्न निर्माण होतो. एखाद्या वृत्तपत्राने, शाळेने किंवा शासकीय कार्यालयाने काढलेल्या पीडीएफला अशी अट चिकटणे कोणालाच अभिप्रेत नव्हते. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननेही टंकांसाठी जीपीएलला स्वतंत्र अपवाद जोडण्याची शिफारस केली आहे.

सप्टेंबर २०११ मध्ये लोहित टंक एसआयएल ओपन फाँट परवान्याखाली आणले गेले. टंक वापरून तयार केलेल्या दस्तऐवजाला टंकाचा परवाना लागू होत नाही, हे या परवान्यात स्पष्ट आहे. टंक बदलता येतो आणि इतर सॉफ्टवेअरसोबत विकताही येतो. मात्र नुसता टंक विकता येत नाही आणि बदललेला टंक याच परवान्याखाली द्यावा लागतो. पुढे विकिमीडिया प्रकल्पांच्या वेबफाँट सुविधेतही लोहित देवनागरीचा समावेश झाला. येथे हक्क मोजक्या हातांत होते, म्हणून बदल विनासायास झाला. हीच परिस्थिती निर्बंधांकडील बदलही सोपा करते.

निर्बंधांकडे झालेले बदल

२०१८ पासून अनेक कंपन्यांनी आपल्या साधनांचे परवाने कडक केले. त्यामागील तक्रार सारखीच होती. साधन घडवण्याचा खर्च एका कंपनीचा आणि ते क्लाउडवर सेवा म्हणून भाड्याने देऊन मिळणारे उत्पन्न दुसरीचे, अशी ही तक्रार आहे. ती निराधार नाही. परंतु या कंपन्यांनी आपला प्रसारही मुक्त परवान्याच्या बळावरच साधला होता, हे विरोधकांचे म्हणणेही तितकेच खरे आहे.

मोंगोडीबी

मोंगोडीबीचा सर्व्हर २००९ पासून एजीपीएल परवान्याखाली उपलब्ध होता. १६ ऑक्टोबर २०१८ रोजी कंपनीने 'सर्व्हर साइड पब्लिक लायसन्स' अर्थात एसएसपीएल हा स्वतः तयार केलेला परवाना लागू केला. त्या तारखेनंतरच्या सर्व आवृत्त्या, जुन्या मालिकांतील दुरुस्त्यांसह, नव्या अटींखाली आल्या. ४.०.३ ही एजीपीएलखालील शेवटची आवृत्ती ठरली.

दोन्ही परवान्यांचा मजकूर बराचसा सारखा आहे. फरक तेराव्या कलमात आहे. एजीपीएलनुसार आज्ञावलीत बदल करून ती जाळ्यावरून वापरू देणाऱ्याने बदललेल्या आज्ञावलीचा सोर्स कोड वापरकर्त्यांना द्यावा लागतो. एसएसपीएलनुसार, आज्ञावली सेवा म्हणून देणाऱ्याने त्या सेवेसाठी वापरलेल्या व्यवस्थापन, देखरेख, बॅकअप, साठवण इत्यादी सर्व सॉफ्टवेअरचा कोड एसएसपीएलखाली खुला करणे आवश्यक आहे. वरवर पाहता ही अधिक खुलेपणाची मागणी आहे. सेवा देणारी कंपनी इतरांचे सॉफ्टवेअरही वापरत असल्याने व्यवहारात ती पाळणे जवळजवळ अशक्य होते आणि अट बंदीसारखीच काम करते.

कंपनीने हा परवाना ओपन सोर्स इनिशिएटिव्हच्या मान्यतेसाठी पाठवला होता, पण मार्च २०१९ मध्ये अर्ज मागे घेतला. एसएसपीएल हा मुक्त स्रोत परवाना नाही, असे त्या संस्थेने जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केले. फेडोराने तो आधीच अमान्य केला होता. जुलै २०१९ मध्ये आलेल्या डेबियन १० मध्ये मोंगोडीबीचा सर्व्हर नव्हता. ॲमेझॉनने जानेवारी २०१९ मध्ये डॉक्युमेंटडीबी ही सेवा आणली. सुरुवातीला ती मोंगोडीबी ३.६ च्या आज्ञांना प्रतिसाद देत असे.

पुणे विद्यापीठाच्या प्रयोगशाळांत

लोणावळ्याजवळ कुसगाव येथील सिंहगड इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, तसेच तळेगाव दाभाडे परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या तृतीय वर्षाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात डेटाबेस प्रयोगशाळेत मायएसक्यूएलबरोबरच मोंगोडीबीवरील प्रात्यक्षिके आहेत. म्हणजे हा अभ्यासक्रम लागू झाला तेव्हा मोंगोडीबीचा परवाना बदललेला होता.

प्रात्यक्षिकापुरता विद्यार्थ्याला फरक पडत नाही. डेटाबेस वापरणे, अभ्यासणे आणि बदलणे एसएसपीएलखालीही मोकळे आहे. स्वतःच्या संकेतस्थळाची माहिती मोंगोडीबीत साठवल्याने तेरावे कलम लागू होत नाही. डेटाबेस हीच सेवा म्हणून त्रयस्थांना देऊ केल्यास ते लागू होते. फरक जाणवतो तो स्थापनेच्या वेळी. डेबियनच्या भांडारातून एका आज्ञेत मिळणारा सर्व्हर आता कंपनीचे भांडार जोडून घ्यावा लागतो. याच अनुभवातून पुढे डेटाबेस-सेवेचा व्यवसाय करू पाहणाऱ्यापुढे मात्र अट पूर्ण ताकदीने उभी राहते. त्याच प्रयोगशाळेतील मायएसक्यूएलही ओरॅकल या एकाच कंपनीच्या मालकीचा आहे. तो जीपीएल आणि व्यावसायिक अशा दुहेरी परवान्याखाली मिळतो.

फोर्क आणि माघार

परवाना कडक झाल्यावर शेवटच्या मुक्त आवृत्तीपासून स्वतंत्रपणे पुढे नेलेल्या प्रकल्पास फोर्क म्हणतात. फोर्क उभा राहील की नाही, हे त्यामागे पगारी मनुष्यबळ किती आहे यावर ठरते. केवळ रोषावर तो टिकत नाही.

क्लाउडवरील यंत्रणा उभारण्यासाठी वापरले जाणारे टेराफॉर्म हे साधन हॅशिकॉर्पने १० ऑगस्ट २०२३ रोजी एमपीएल २.० वरून बिझनेस सोर्स लायसन्सकडे नेले. मारियाडीबी कंपनीने तयार केलेल्या या परवान्यात व्यावसायिक वापरावर निर्बंध असतात आणि ठरावीक मुदतीनंतर, जास्तीत जास्त चार वर्षांनी, ती आवृत्ती मुक्त होते. टेराफॉर्मच्या बाबतीत निर्बंध स्पर्धक सेवांपुरता होता. पण स्पर्धक कोण, हे ठरवणे अवघड होते. सुमारे सहा आठवड्यांत ओपनटोफू हा फोर्क लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याची १.६ ही पहिली स्थिर आवृत्ती प्रसिद्ध झाली.

रेडिसने २० मार्च २०२४ रोजी बीएसडी परवाना सोडला. अवघ्या आठ दिवसांत लिनक्स फाउंडेशनने वाल्की या फोर्कची घोषणा केली. मे २०२५ मध्ये रेडिस ८ एजीपीएलच्या पर्यायासह पुन्हा मुक्त स्रोतात आला. इलॅस्टिकसर्चचा प्रवासही असाच झाला. जानेवारी २०२१ मध्ये घोषित झालेल्या परवाना-बदलानंतर ॲमेझॉनने ओपनसर्च हा फोर्क काढला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये इलॅस्टिकने एजीपीएलचा पर्याय परत दिला. तोवर दोन्ही फोर्कांना स्वतःचे वापरकर्ते मिळाले होते आणि ते बंद झाले नाहीत. मोंगोडीबीच्या बाबतीत अशी माघार झालेली नाही. त्याचा सर्व्हर एसएसपीएलखालीच आहे. निरनिराळ्या संगणकीय भाषांतून त्याच्याशी जोडणारे ड्रायव्हर मात्र अपाचे २.० परवान्याखाली मिळतात.