खरें कीं खोटें?

शाळांतून, वाचनालयांतून आणि गणेशोत्सवांतून ज्ञानस्पर्धा होतात, त्यांत एक प्रकार हटकून असतो. परीक्षक एक विधान वाचतो आणि स्पर्धकानें ‘खरें’ किंवा ‘खोटें’ एवढा एकच शब्द उच्चारावयाचा. हा प्रकार स्पर्धकाला सोपा वाटतो. विधान रचणाराला मात्र तो मुळींच सोपा नाहीं. निबंधांतील चूक पुढच्या वाक्यांत सांवरून घेतां येते. येथें एक शब्द गळला कीं खऱ्याचें खोटें होतें, आणि तें ऐकणाऱ्या मुलांच्या मनांत जन्मभर घर करून राहतें.

‘शिवाजीमहाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजीं झाला,’ हेंच विधान घ्यावें. महाराष्ट्रांतला कोणताहि मुलगा ‘खरें’ म्हणेल आणि त्याला गुण मिळतील, मिळालेच पाहिजेत. पण त्याच सभेंत एखादा पंचांग जाणणारा गृहस्थ उठला आणि ‘ही तारीख कोणत्या गणनेची?’ असें त्यानें विचारलें, तर त्याला खालीं बसवितां येणार नाहीं.

वर्षाविषयींचा वाद प्रसिद्धच आहे. बखरींच्या आधारानें शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे इसवी सन १६२७, ही जन्मतिथि दीर्घकाळ मानली जात होती. १९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं जेधे शकावली उजेडांत आणली. शकावली म्हणजे बखरीसारखें रसाळ निवेदन नव्हे; ती कोरडी टिपणें असतात, आणि तो कोरडेपणाच त्यांचें भूषण आहे. त्या टिपणांत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र अशी नोंद निघाली. महाराजांच्या पदरच्या कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’नेंहि फाल्गुन वद्य तृतीयेलाच दुजोरा दिला.

तिथि ठरली, पण तिची इंग्रजी तारीख कोणती? येथें तो ‘शुक्रवार’ उपयोगी पडतो. पोप ग्रेगरी यांनीं १५८२ सालीं युरोपचें पंचांग सुधारलें. त्या वर्षीं ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशीं एकदम १५ ऑक्टोबर धरण्यांत आला. पोर्तुगालनें ही सुधारणा लगेच उचलली. इंग्रज मात्र १७५२ पर्यंत जुन्या, म्हणजे ज्युलियन गणनेलाच चिकटून राहिले. तेव्हां शिवनेरीवर जो शुक्रवार उगवला, तो गोव्यांतल्या पोर्तुगीज कारकुनाच्या लेखीं १ मार्च १६३० होता, तर सुरतेच्या वखारींतल्या इंग्रजाच्या लेखीं १९ फेब्रुवारी. इतकेंच नव्हे, तर इंग्रजांचें नवें वर्ष त्या काळीं २५ मार्चला सुरू होई. त्यामुळें त्यांच्या वहींत सालहि १६२९ पडावयाचें! वार मात्र तिघांचाहि शुक्रवारच. आजच्या गणनेनें मागें मोजीत गेलें तर १९ फेब्रुवारी १६३० ला मंगळवार येतो. म्हणजे रूढ तारीख जुन्या गणनेची आहे, हें त्या एका वारावरून सिद्ध होतें.

राज्याभिषेकाचीहि हीच कथा. शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शनिवार. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन त्या समयीं रायगडावर हजर होता. त्याच्या गणनेनें ती ६ जून १६७४, आजच्या गणनेनें १६ जून. यावरून उत्सवांच्या तारखा बदलाव्या असें मुळींच नाहीं. उत्सव रूढीनें चालतो, आणि रूढीला तिचा स्वतःचा मान आहे. परंतु प्रश्नपत्रिका रूढीवर चालत नाहीं. ‘ज्युलियन गणनेप्रमाणें’ हे दोन शब्द घातले कीं विधान निर्दोष होतें आणि तो उठलेला गृहस्थहि आपण होऊन खालीं बसतो.

परदेशांतल्या परीक्षकांनाहि हा खड्डा चुकलेला नाहीं. गॅलिलिओ वारला त्याच वर्षीं न्यूटन जन्मला, हें विधान त्यांचें फार आवडतें. गॅलिलिओचा मृत्यु ८ जानेवारी १६४२ चा, इटलीच्या नव्या गणनेनें. न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२ चा, इंग्लंडच्या जुन्या गणनेनें. इटलींत तो दिवस ४ जानेवारी १६४३ होता. एकच कापड दोन गजांनीं मोजण्याचा हा प्रकार झाला.

दुसऱ्या एका विधानांत मात्र दोष शब्दांचा नसून वस्तुस्थितीचाच आहे. ‘पानिपतचें तिसरें युद्ध मकरसंक्रांतीच्या दिवशीं झालें.’ १४ जानेवारी १७६१ ही तारीख खरी, आणि नव्या गणनेचीच. परंतु संक्रांत चौदा तारखेला कायमची बांधलेली नाहीं. ती निरयन सूर्यावर अवलंबून असते आणि सुमारें सत्तर वर्षांत एक दिवस पुढें सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ सालीं संक्रांतीच्या दिवशीं झाला, तेव्हां तारीख १२ जानेवारी होती. त्याच्याहि शंभर वर्षें अगोदर ती आणखी अलीकडे, दहा-अकरा तारखेच्या सुमारास येणार. भाऊसाहेब रणांत पडले त्या दिवशीं संक्रांत होऊन तीन-चार दिवस लोटले होते. ‘मराठ्यांवर संक्रांत कोसळली’ हा वाक्प्रचार आणि आजच्या भिंतीवरल्या कॅलेंडरांतली चौदा तारीख, या दोहोंच्या संगमांतून हा समज जन्मलेला दिसतो. ज्याला बिनचूक प्रश्न काढावयाचा असेल, त्यानें शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार असें लिहावें आणि उत्तराच्या रकान्यांत ‘खरें’ मांडावें.