संकष्टीचा उपवास आणि आहार

अष्टविनायकांपैकी लेण्याद्री व ओझर ही स्थाने जुन्नर तालुक्यात आहेत. जुन्नर-आंबेगाव परिसरातही संकष्टी चतुर्थीचा उपवास चंद्रोदयानंतर सोडतात. अन्नास दिलेला हा दीर्घ विराम आजच्या ‘इंटरमिटंट फास्टिंग’शी मिळताजुळता आहे, मात्र दिवसभर खिचडी, वेफर्स व साखरेचा चहा घेतल्यास तो विराम उरत नाही. साबुदाणा मुख्यतः पिष्टमय असून त्यात प्रथिने व तंतू नगण्य असतात. फराळ करायचाच झाल्यास राजगिरा, शेंगदाणे, ताक, फळे आणि स्वच्छ, बुरशीरहित भगर इष्ट. चंद्रोदय रात्री उशिरा होत असल्याने त्यानंतरचे जेवण हलके असावे. इन्शुलिन वा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांची रक्तशर्करा उपाशीपोटी धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. त्यांनी, तसेच गर्भवतींनी, वैद्यकीय सल्ल्याविना उपवास करू नये.